वस्ती आणि वसतिगृह: उपनगरांतल्या विद्यार्थी चळवळींचा आढावा

पवईच्या आयआयटीत सप्टेंबर २०२३ मध्ये १२, १३ आणि १४ क्रमांकांच्या वसतिगृहांच्या मेसमधली सहा टेबलं फक्त शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवली गेली. त्याआधी जुलैमध्ये, इथे फक्त शाकाहारींनीच बसावं अशा अर्थाची पत्रकं एका वसतिगृहाच्या कँटीनमध्ये लागली होती आणि काही विद्यार्थ्यांनी ती फाडून टाकली होती. टेबलांचा नियम निघाल्यावर काही मुलं मांसाहारी जेवणाची ताटं घेऊन मुद्दाम त्याच टेबलांवर जाऊन बसली. त्यांतल्या एकाला दहा हजार रुपये दंड झाला.

बाहेरच्या माणसाला हे प्रकरण किरकोळ वाटू शकेल. ज्या समाजात कोण कोणाच्या पंगतीला बसतो यावरून माणसाची पायरी ठरत आली, त्या समाजात ते किरकोळ नाही. जगातल्या सर्वांत गाजलेल्या विद्यार्थी आंदोलनांपैकी एकाची सुरुवातही जेवणाच्या टेबलावरच झाली. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावात एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन आणि जोसेफ मॅक्नील हे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गेले. त्यांनी आधी किरकोळ वस्तू विकत घेतल्या आणि पावत्या घेतल्या. मग ते फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहार-काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली. शेजारच्या काउंटरवर आमचे पैसे चालतात, मग इथे आम्ही का चालत नाही, एवढाच त्यांचा सवाल होता. कॉफी मिळाली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी वीसपेक्षा जास्त विद्यार्थी आले, आठवडा संपेपर्यंत शेकडो. जुलै संपण्याआधी त्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना जेवण मिळू लागलं.

दोन्ही ठिकाणी मुद्दा एकच होता: या टेबलावर बसायचा मला हक्क आहे. ग्रीन्सबरोत चाराचे शेकडो झाले, पवईत एकाच्या नावावर दंड पडला. असं का झालं, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. पवईची मुलं भित्री आणि ग्रीन्सबरोची शूर, असं उत्तर देणं अन्यायाचं होईल. माझ्या मते फरक पाठीशी काय होतं याचा आहे. विद्यार्थ्याच्या मागे वस्ती उभी असते तेव्हा चळवळ टिकते, आणि वस्तीपासून तुटलेला विद्यार्थी संस्थेच्या शिस्तपालन समितीसमोर एकटा पडतो. मुंबईच्या उपनगरांचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव हेच सांगतो, आणि अमेरिकेचाही.

अमेरिकेच्या या गोष्टीचा एक धागा नागपुरातून जातो. जेम्स लॉसन हे तरुण कृष्णवर्णीय १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनतर्फे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. कोरियाच्या युद्धात लढायला नकार दिल्याबद्दल ते त्याआधी तुरुंगात जाऊन आले होते. नागपुरात मुलांना शिकवता शिकवता आणि खेळांचे धडे देता देता त्यांनी गांधींच्या सत्याग्रहाचा कसून अभ्यास केला. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली ती नागपूरच्याच वर्तमानपत्रात, डिसेंबर १९५५ मध्ये. पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना दक्षिणेत लवकर या म्हणून गळ घातली. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि तिथे चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले.

या वर्गांत नेमकं काय चाले हे बघण्यासारखं आहे, कारण चळवळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोषणा आणि मोर्चे येतात, तयारी येत नाही. अर्धी मुलं काउंटरवर बसल्यासारखी खुर्च्यांवर बसत. उरलेली अर्धी गोऱ्या गुंडांची भूमिका घेत: घाणेरड्या शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत. बसलेल्यांनी प्रतिकार करायचा नाही, डोकं कसं वाचवायचं हे शिकायचं, आणि राग आला तर तो नंतर सगळ्यांसमोर बोलून दाखवायचा. प्रत्यक्ष आंदोलनाच्या वेळी लेखी सूचना वाटल्या गेल्या: ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, उलट हात उचलू नका, नम्रपणे बोला. २७ फेब्रुवारी १९६० रोजी पोलिसांनी पहिली तुकडी पकडली तेव्हा दुसरी तुकडी रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसली, ती पकडली तेव्हा तिसरी. त्या दिवशी ८० हून अधिक विद्यार्थ्यांना अटक झाली. कोर्टानं दंड केला तेव्हा विद्यार्थ्यांच्या पुढारी डायेन नॅश आणि इतर अनेकांनी दंड भरायला नकार देऊन तुरुंग पत्करला.

आता वस्तीची बाजू बघा. शहरातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरच्या सणाची खरेदीच बंद केली. मध्यवर्ती बाजारपेठेतली दुकानं ओस पडली. मुलांचा खटला चालवणारे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर १९ एप्रिलला बॉम्ब पडला, तेव्हा हजारो माणसं मूकपणे चालत नगरपालिकेवर गेली. तिथे डायेन नॅश यांनी महापौरांना सरळ विचारलं की हा भेदभाव तुम्हाला योग्य वाटतो का, आणि महापौरांना नाही म्हणावं लागलं. १० मे रोजी नॅशव्हिलच्या काउंटरवर सगळ्यांना जेवण मिळू लागलं. घरोघरच्या आयांनी सणाचे कपडे घेतले नाहीत म्हणून विद्यार्थ्यांचं आंदोलन यशस्वी झालं, असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होणार नाही.

लॉसन यांना मात्र मार्च १९६० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठानं काढून टाकलं. त्याच विद्यापीठानं त्यांना २००६ मध्ये सन्मानानं अभ्यागत प्राध्यापक म्हणून बोलावलं. मध्ये ४६ वर्षं गेली.

या आंदोलनाला आणखी एक आधार होता. ग्रीन्सबरोच्या चौघांचं कॉलेज, नॅशव्हिलच्या मुलांचं फिस्क विद्यापीठ, एप्रिल १९६० मध्ये एला बेकर यांच्या पुढाकारानं ज्या शॉ विद्यापीठात विद्यार्थ्यांची समन्वय समिती स्थापन झाली ते विद्यापीठ, या सगळ्या संस्था कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या होत्या. तिथे विद्यार्थ्याला आपण इथले आहोत की नाही हे रोज सिद्ध करावं लागत नव्हतं. अर्थात त्यांची चावी सरकारच्या हाती असली की तोही आसरा पातळ होई. अलाबामातल्या सरकारी कृष्णवर्णीय महाविद्यालयानं राज्यपालाच्या दबावाखाली १९६० मध्ये नऊ विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात १९६१ मध्ये न्यायालयानं ठरवलं की सरकारी महाविद्यालयाला विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याला काढता येणार नाही.

आपल्याकडे अशा आसऱ्याचं महत्त्व ज्यांनी सर्वांत आधी ओळखलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं. त्याच वर्षी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं आणि १९५० मध्ये औरंगाबादचं, जे पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. सिद्धार्थमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग होते. गोदीत, गिरणीत, रेल्वेत, टपाल खात्यात राबणाऱ्या घरांतला मुलगा पहाटे लोकल पकडून कॉलेजला जाई आणि तिथून कामावर. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात गावाकडून आलेली मुलं राहत. पुढच्या तीस वर्षांत महाराष्ट्राला ज्यांची नावं ठाऊक झाली अशी कितीतरी माणसं या खोल्यांतून गेली.

दलित पँथर याच वातावरणातून निघाली. काटेकोर अर्थानं ती विद्यार्थी संघटना नव्हती. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवत होते, ज. वि. पवार बँकेत नोकरी करत होते, राजा ढाले लघुनियतकालिकं काढत होते. पण ही आंबेडकरी समाजातली पदवीपर्यंत पोचलेल्यांची पहिली मोठी पिढी होती. पदवी हातात आली, नोकरी आली नाही, आणि गावाकडून रोज बातम्या येत होत्या: पुणे जिल्ह्यात बावड्याला बहिष्कार, परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला स्त्रियांची विटंबना. अस्पृश्यतेवरच्या इलायापेरुमल समितीचा अहवाल १९७० मध्ये संसदेत आला आणि तसाच पडून राहिला. १९७२ च्या मेअखेरीस मुंबईत पँथरची घोषणा झाली. त्या १५ ऑगस्टला देशानं स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव साजरा केला, आणि ढाले यांच्या ‘साधना’तल्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखानं महाराष्ट्र ढवळून निघाला.

इथे एक उलटापालट दिसते, आणि तिच्याकडे आपल्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. नागपुरातून लॉसन गांधींचा सत्याग्रह घेऊन गेले, आणि त्यांच्या परतीच्या वर्षीच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच नागपुरात लाखोंनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेऊन गांधींहून वेगळी वाट धरली. दहा वर्षांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघा तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यांची ओळखही कॉलेजातच झालेली. लॉसन यांचा अहिंसक मार्ग पुरेसा नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबईच्या तरुणांनी नाव उचललं ते त्यांचं. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे आणि ‘अस्मितादर्श’चे गंगाधर पानतावणे यांच्यामुळे कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा मराठवाड्यात आधीच सुरू झाली होती. म्हणजे दोन्हीकडच्या तरुणांनी एकमेकांकडून नेमकं तेच घेतलं जे दुसऱ्याच्या घरात वादात सापडलं होतं. मला यात विसंगती दिसत नाही. दाबल्या गेलेल्या माणसाला ज्या वेळी जे हत्यार हाताशी येईल ते तो आपल्या मापानं घडवून घेतो.

फरक मूलभूत होता तो कायद्याचा. अमेरिकेच्या विद्यार्थ्यांना कायदाच बदलून हवा होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाल्यावर त्यांच्या लढ्याचा एक टप्पा पुरा झाला. आपल्याकडे अस्पृश्यता संविधानाच्या १७ व्या कलमानं संपवली आणि १५ व्या कलमानं दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव सगळ्यांना खुले केले, तेही १९५० मध्येच. महाडच्या चवदार तळ्याचा प्रश्न कागदावर तेव्हाच सुटला. त्यामुळे पँथरच्या पिढीला मागायला नवा कायदा नव्हता, आहे तो पाळा एवढंच मागायचं होतं. नवा कायदा मागणं एका परीनं सोपं, कारण विजयाचा दिवस ठरलेला असतो. आहे तो पाळा ही मागणी रोज नव्यानं करावी लागते आणि ती जिंकल्याचं कधीच जाहीर होत नाही.

वरळीला जानेवारी १९७४ मध्ये पँथरच्या सभेवरून दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. त्याच वर्षी ढाले आणि ढसाळ यांच्यात फूट पडली, १९७७ मध्ये ढाले-पवारांनी संघटना बरखास्त केली आणि अरुण कांबळे, रामदास आठवले, गंगाधर गाडे यांनी भारतीय दलित पँथर काढली. फुटीची कारणं अनेकदा उगाळून झाली आहेत, ती इथे पुन्हा नकोत. एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. नॅशव्हिलच्या आंदोलनाचं नेतृत्व डायेन नॅश करत होत्या आणि एला बेकर यांनी विद्यार्थ्यांना मोठ्या पुढाऱ्यांच्या पंखाखाली जाऊ दिलं नाही. पँथरमध्ये पहिल्या फळीत बाई दिसत नाही. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केलं, तेव्हा आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचं काम कुठे एकत्र वाचायला मिळालं.

नामांतराचा लढा तर थेट विद्यापीठाच्या नावाचा होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना हाल करून मारलं. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च काढला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, सोळाव्या वर्षी. पेटलेल्या गावांतून निघालेली कुटुंबं कुठे गेली असतील याचा अंदाज मुंबईच्या वाचकाला सहज करता येईल. मराठवाडा, विदर्भ, सातारा-सांगलीतून दुष्काळानं आणि जातीनं बाहेर काढलेली माणसं घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड, चेंबूर, गोवंडीच्या वस्त्यांत येऊन राहिली. राजा ढाले यांचं घरही विक्रोळीतच होतं, २०१९ मध्ये तिथेच ते वारले.

या वस्त्यांत आणि कॉलेजच्या आवारात त्या काळी ये-जा होती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत विद्यार्थी प्रगती संघटनेतली मुलं कामगार वस्त्यांत जाऊन काम करत. त्याच वर्तुळात आव्हान नाट्य मंच उभा राहिला. सातारा जिल्ह्यातून शिकायला आलेले आणि सिद्धार्थ विहारमध्ये राहिलेले संभाजी भगत त्यातूनच पुढे आले. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे विलास घोगरे हे त्याच मंचाचे शाहीर. विद्यार्थ्याला वस्तीची भाषा शाहिराकडून मिळाली आणि शाहिराला जगाच्या राजकारणाची खबर विद्यार्थ्याकडून. ही देवाणघेवाण समान पातळीवरची होती का, हा प्रश्न उरतोच. घोगरे यांना पुढे संघटनेपासून दूर व्हावं लागलं. शिकलेल्या कार्यकर्त्यांच्या शिस्तीत वस्तीतला कलावंत बसत नाही, ही डाव्या विद्यार्थी चळवळींची जुनी दुखरी जागा आहे.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी लोक उठले तेव्हा बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. माणसं पूर्व द्रुतगती मार्गावर उतरली, रस्ता अडला. राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि थोड्याच वेळात गोळीबार सुरू झाला. दहा जण मेले. त्यांत कोवळ्या वयाची मुलं होती, आंदोलनाशी संबंध नसलेली आणि पुतळ्यापासून लांब वस्तीत असलेली माणसंही होती. पोलिसांचं म्हणणं असं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं ते फेटाळलं, गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरलं. शिवडीच्या जलदगती न्यायालयानं त्यांना मे २००९ मध्ये जन्मठेप सुनावली. बारा वर्षांनी. नंतर उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात जीवन संपवलं. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या या शाहिरानं त्या दिवशी डोक्याला निळं कापड बांधलं होतं. आनंद पटवर्धन यांनी तिथून सुरुवात करून चौदा वर्षं चित्रीकरण केलं आणि ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पुरा केला. उपनगरांतल्या या इतिहासाचा इतका सविस्तर दस्तऐवज दुसरा नाही.

आता याच काळात कॉलेजांत काय घडलं ते बघू. १९८९ मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या राजकारणातून ओवेन डिसोझा या तरुणाचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुकाच बंद केल्या आणि विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवरून नेमले जाऊ लागले. गुंडगिरी थांबावी हा हेतू होता, आणि गुंडगिरी खरी होती. पण अंधेरी, पार्ले, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या महाविद्यालयांतून त्यानंतर तीन पिढ्या अशा बाहेर पडल्या ज्यांनी वर्गात कोणाला मत दिलं नाही, जाहीरनामा लिहिला नाही, हरल्यावर विरोधकाशी बोलायला शिकल्या नाहीत. विद्यार्थ्यांची संघटनशक्ती महाविद्यालयीन महोत्सवांत खर्च होऊ लागली. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका परत आणल्या, त्या प्रत्यक्षात लांबणीवरच पडत राहिल्या. उपनगरांतल्या विद्यार्थी चळवळीचं सर्वांत मोठं नुकसान या एका निर्णयानं केलं, असं माझं मत आहे. रमाबाई नगरात गोळ्या चालल्या तेव्हा घाटकोपरच्या कॉलेजांमध्ये खुल्या निवडणुकीतून आलेला एकही विद्यार्थी प्रतिनिधी नव्हता, ज्याला वस्तीतल्या माणसानं जाऊन भेटावं.

जानेवारी २०१८ मध्ये ही तूट उघडी पडली. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर २ आणि ३ तारखेला चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडची तरुण मुलं रस्त्यावर आली, लोकल अडल्या, पूर्व द्रुतगती मार्ग बंद पडला. नंतर पोलिसांनी वस्त्यांतून धरपकड केली. कॉलेजात जाणाऱ्या मुलावर गुन्हा दाखल होणं म्हणजे सरकारी नोकरीची दारं बंद होण्याची भीती, हे त्या घरांना नेमकं कळत होतं. ४ तारखेला पार्ल्याच्या भाईदास सभागृहात छात्रभारतीचं राष्ट्रीय विद्यार्थी संमेलन होतं, जिग्नेश मेवाणी आणि उमर खालिद बोलणार होते. पोलिसांनी परवानगी नाकारली आणि जमलेल्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं. नॅशव्हिलच्या तळघरात जे महिनोन्महिने शिकवलं गेलं ते या मुलांना कोणी शिकवलं नव्हतं: अटक झाली तर काय बोलायचं, कोणत्या वकिलाला फोन करायचा, पहिली तुकडी गेली तर दुसरी कोण.

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत प्रश्न पैशाच्या रूपानं आला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. मुलं तिला नुसतं जीओआय म्हणतात. ती वेळेवर येत नाही, हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक वसतिगृहाचा अनुभव आहे. मग संस्था म्हणते, वसतिगृहाचं आणि मेसचं शुल्क आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या. ज्याचे वडील रोजंदारीवर आहेत त्यानं साठ-सत्तर हजार रुपये आधी कुठून आणायचे? फेब्रुवारी २०१८ मध्ये देवनार, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही आवारांतल्या विद्यार्थ्यांनी याच मुद्द्यावर वर्गांवर बहिष्कार टाकला. पुढे २०२३ मध्ये बार्टी या राज्य सरकारच्या संशोधन संस्थेच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थी आझाद मैदानात ठाण मांडून बसले. हा आजच्या काळातला काउंटर आहे. पाटी लावून कोणाला अडवत नाहीत, शुल्काच्या पावतीवर अडवतात.

एप्रिल २०२४ मध्ये देवनारच्या टाटा संस्थेनं एका दलित संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दिल्लीतल्या एका विद्यार्थी मोर्चातला सहभाग हे त्यातलं एक कारण होतं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याची याचिका फेटाळली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं भोगून झालेला काळ पुरेसा मानून त्याला संशोधन पुरं करू दिलं. अलाबामाच्या नऊ विद्यार्थ्यांची आठवण इथे होतेच.

पवईचं दुखणं सर्वांत खोल आहे. प्रवेश परीक्षेतला रँक विचारणं ही तिथे जात विचारण्याची सभ्य रीत. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोळंकी हा अहमदाबादचा पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी वसतिगृहाच्या सातव्या मजल्यावरून पडून मेला. संस्थेच्या अंतर्गत समितीला जातीय छळाचा पुरावा दिसला नाही. कुटुंबानं आणि आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलनं तो निष्कर्ष मान्य केला नाही. काही महिन्यांनी संस्थेनं सूचना काढली की कोणी कोणाला रँक किंवा प्रवर्ग विचारू नये. छळच होत नव्हता तर ही सूचना कशासाठी निघाली, हे ज्याचं त्यानं ठरवावं. चार वर्षं आधी, २२ मे २०१९ ला, जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात आत्महत्या केली होती. त्यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात शिकताना जीव दिलेल्या रोहित वेमुला याच्या आई राधिका वेमुला यांनी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली की विद्यापीठांतला जातिभेद रोखणारे नियम नुसते कागदावर राहू नयेत. आजच्या विद्यार्थी चळवळीतली सर्वांत ठोस कायदेशीर लढाई या दोन आयांनी उभी केली आहे. मुलांच्या मागे घर उभं राहिलं, पण मुलं गेल्यावर.

स्टडी सर्कलसारखे गट चांगलं काम करतात. पुस्तकं वाचतात, संस्थेला पत्रं लिहितात, माहितीच्या अधिकारात आरक्षित जागांचे आकडे काढतात. त्यांची मर्यादा ही की त्यांतली बहुतेक मुलं देशभरातून आलेली, चार-पाच वर्षांनी जाणारी, आणि आवाराच्या भिंतीपलीकडे त्यांना ओळखणारं कोणी नाही. रमाबाई नगराच्या उत्तरेला पवई आहे, दक्षिणेला देवनार, दोन्हीकडे रिक्षानं जाता येतं. पवईच्या मुलाला दहा हजार दंड झाला तेव्हा या वस्तीतून एक माणूस आयआयटीच्या दरवाजावर आला असता तरी गोष्ट वेगळी झाली असती. आणि वस्तीतल्या मुलांवर २०१८ च्या बंदचे गुन्हे लागले तेव्हा देवनारच्या विद्यार्थ्यांनी पोलीस ठाण्यात बसून एकेकाचे कागद तपासून दिले असते तर त्याला आझाद मैदानातल्या भाषणांपेक्षा जास्त किंमत होती.

रमाबाई नगराचा आता मोठा पुनर्विकास होतो आहे. हजारो कुटुंबं संक्रमण काळात पांगणार, मुलांच्या शाळा-कॉलेजांची घडी विस्कटणार, दाखले आणि पत्ते बदलणार, आणि पत्ता बदलला की शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. पवई, देवनार आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातल्या विद्यार्थी गटांना माझी विनंती आहे की त्यांनी या वस्तीत आठवड्यातून दोन संध्याकाळी बसावं, अकरावीपासून पुढच्या प्रत्येक मुलाचा जीओआयचा अर्ज भरून घ्यावा, जातपडताळणीची प्रकरणं मार्गी लावावीत, आणि वस्तीतल्या मंडळांनी त्यांना बुद्धविहाराची जागा द्यावी. नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. काम मे महिन्यातच हाती घ्यावं लागेल.